तुझी शेळी घेऊन जा

टेकडीवरून, भर दुपारी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. सात महिने टेकडी चढून-उतरून कंबर अशी धरली आहे की नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? कारखान्यात अजून शर्टाला बटणंच लावायला देतात, की कॉलरपर्यंत बढती मिळाली? तू मोठी आहेस, म्हणून ही सगळी चौकशी आधी केली. आता मुद्द्यावर येतो. तुझी शेळी घेऊन जा.

दोन महिने सांभाळ म्हणून तू तिचं दावं माझ्या हातात दिलंस, त्याला एकोणीस महिने झाले. पहिलं वर्ष बरं गेलं, खोटं कशाला बोलू. शेतातला कडबा होता, बांधावरचा पाला होता, बाईसाहेब खाऊन-पिऊन अंगणात पडून असायच्या. (बाईसाहेब हे नाव तुझ्या भावजयीने ठेवलं. मला ती इतक्या प्रेमाने कधी हाक मारत नाही.) मग कडबा संपला. आणि समोर टेकडी, दोन वर्षं जनावरांना बंद केलेली, गुडघाभर गवताने भरलेली. शेळीच्या जागी मी असतो तर मीसुद्धा गेलो असतो. पण मी शेळी नाही, मी टेकडी समितीचा चिटणीस आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

नियम तुला माहीत आहे, पण पुन्हा सांगतो, कारण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय राग नीट निघत नाही. बंद टेकडीत जनावर शिरलं तर काय शिक्षा करायची, यावर दोन वर्षांपूर्वी बैठकीत वाद झाला. सगळे म्हणाले, दंड घ्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, दंड ज्याला परवडतो तो भरून मोकळा होईल, त्यापेक्षा ज्याच्या गोठ्यातलं जनावर शिरेल त्याने शिट्टी आणि काठी घेऊन सलग आठ दिवस टेकडी राखावी. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि आणखी एक वाक्य लिहिलं, की राखण चालू असताना पुन्हा जनावर शिरलं तर पुढचे आठ दिवस मागच्याला जोडावेत. हे वाक्य लिहिताना माझा हात का मोडला नाही, असं आता रोज वाटतं.

बाईसाहेब पहिल्यांदा शिरल्या, नव्या रोपांचे शेंडे खुडून आल्या, आणि मला आठ दिवस लागले. ठीक आहे. आपणच केलेला नियम आपण पाळतो हे गावाला दिसू दे, म्हणून मी मान ताठ ठेवून शिट्टी गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी टेकडीवर बसलो होतो, तर मागून कुणीतरी माझ्या शर्टाची बाही चावत होतं. ताई, तू या जनावराला बाटलीने दूध पाजून वाढवलंस, त्यामुळे तिला आपण शेळी आहोत हे कुणी सांगितलेलंच नाही. तिला माणूस लागतं. तू गेलीस, म्हणून आता तिचं माणूस मी. मी टेकडीवर गेलो की ती दावं चावून माझ्यामागे येते. ती टेकडीवर आली की नियम मोडतो. नियम मोडला की मला आणखी आठ दिवस लागतात. मी ते आठ दिवस भरायला टेकडीवर जातो, आणि ती माझ्यामागे येते. मी घरी बसलो तर ती घरी बसते, पण घरी मला बसता येत नाही, कारण मला राखण लागली आहे, आणि राखण लागली कारण ती येते. हा हिशेब मी समितीला तीनदा समजावून सांगितला. तिन्ही वेळा त्यांना इतकं हसू आलं की बैठक आवरती घ्यावी लागली. माझी राखण आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरली आहे. सात महिने झाले, गावात दुसऱ्या कुणाला शिट्टी हातातसुद्धा घ्यावी लागलेली नाही.

बांधून का ठेवत नाहीस, असं तू म्हणशील. साखळीने बांधून पाहिली. तिने असा टाहो फोडला की समोरच्या शिक्षिका वही तपासायची सोडून आल्या आणि मलाच ऐकवून गेल्या. गल्लीतल्या शिंप्याकडे ठेवून पाहिली, तिने गिऱ्हाईकाच्या विजारीचा एक पाय खाल्ला. (शिंपी माझ्याशी बोलत नाही. गिऱ्हाईक तर मी दिसलो की रस्ता बदलतं.) शेवटी समितीच्या खोलीत कोंडली, तर तिने टेबलावरची वही उघडून हजेरीची चार पानं फस्त केली. नियमाचं पान त्याच्याच पुढे होतं. खायचंच होतं तर ते खायचं! पण एवढी अक्कल त्या जनावराला असती तर मी हे पत्र कशाला लिहिलं असतं?

मग पाणलोट प्रकल्पाचे लोक आले. त्यांची तुला ओळख करून द्यायला नको. हेच ते, ज्यांनी गवताचं बी पाऊस संपल्यावर पाठवलं, पण 'या टेकडीचा विकास आम्ही केला' हा फलक पावसाच्या आधी लावला. चर खणले आपण, उतारावर आडवे, पाणी जिरावं म्हणून, उन्हात, हाताला फोड येईपर्यंत. त्यांनी चरांची लांबी मोजली, रुंदी मोजली, खोली मोजली. पाणी थांबलं का, हे विचारायला त्यांच्या फॉर्मात रकानाच नव्हता. मी सांगायला गेलो की शाळेमागची विहीर यंदा दीड महिना जास्त चालली, तळ्यात पहिल्यांदाच माती वाहून आली नाही, तर त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "ते शेवटी 'इतर' मध्ये लिहा." या वेळी त्यांनी दूरचे पाहुणे आणले होते. मला म्हणाल्या, दोन शब्द बोला. मी बोललो. दोन वर्षांत या टेकडीत एकही जनावर, असं म्हणेपर्यंत पाहुणे माझ्या खांद्यावरून मागे बघून हसायला लागले. बाईसाहेब माझ्या मागे उभ्या राहून पाहुण्यांना वाटायचं माहितीपत्रक खात होत्या. तो फोटो प्रकल्पाच्या अहवालात छापून आला आहे. खाली लिहिलं आहे, 'आनंदी लाभार्थी.' मी की शेळी, ते लिहिलेलं नाही.

इथपर्यंतसुद्धा मी गिळलं असतं. पण दुधवाल्याने याचा फायदा घेतला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या आठ म्हशी. टेकडी उघडा म्हणून तो पहिल्या दिवसापासून टपलेला. आता तो दारोदार सांगत फिरतो, की चिटणिसाच्याच घरची शेळी आत चरते, मग आमच्याच जनावरांनी काय पाप केलंय? आणि लोकांना ते पटतंय! टेकडी तीन वर्षं बंद ठेवायची ठरली होती. त्याने दुसऱ्याच वर्षी पुन्हा मतदान मागितलं आहे. येत्या रविवारी बैठक आहे. टेकडी उघडली तर आहे ते गवत मुळासकट पंधरा दिवसांत संपेल, ताई, पंधरा दिवसांत. मग पहिल्याच मोठ्या पावसात माती खाली, चर बुजले, तळं गाळाने भरलं, विहीर पुन्हा अर्ध्या उन्हाळ्यात कोरडी. दोन वर्षं फुकट. आणि हे सगळं तुझ्या एका शेळीमुळे.

म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत मी असंच म्हणत होतो.

गेल्या महिन्यात गवताची कापणी झाली. जनावर सोडायचं नाही, पण गवत कापून वाटून घ्यायचं, हाही नियम माझाच. मी विचार केला, ताईच्या घरच्या वाट्याचं गवत आणू आणि बाईसाहेबांच्या तोंडाशी टाकू, म्हणजे ती मागे यायची थांबेल. वही काढली. (हजेरीची पानं गेली, वाटपाचं शिल्लक होतं.) वाटा जमिनीप्रमाणे. दुधवाल्याची जमीन सगळ्यांत जास्त, त्याला एकोणीस भारे. एकोणीस भारे घेऊन तो टेकडी उघडा म्हणतोय! मला दहा. आणि तुझ्या नावापुढे रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ, सुबक रेघ. अक्षर माझं.

मी ती रेघ बघत बसलो. तुझ्याकडे अकरा शेळ्या होत्या आणि जमीन वीतभरसुद्धा नाही. त्या टेकडीवर तुझं घर चालत होतं. टेकडी बंद करायची ठरली तेव्हा तू बैठकीत मागच्या रांगेतून उठून विचारलं होतंस, "आणि जमीनच नाही त्यांनी काय करायचं रे?" मी म्हणालो, हा विषय नंतर घेऊ. आणि वहीत लिहिलं, 'इतर विषयांवर चर्चा झाली.' त्या प्रकल्पाच्या मॅडमला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवतोय? तू दहा शेळ्या विकल्यास आणि एक माझ्याकडे ठेवून गेलीस. शहरात चांगली नोकरी लागली म्हणून ताई गेली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो. कुणी विचारलं नाही तरी सांगत आलो.

माझा इतका संताप झाला की दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तुझी भावजय म्हणाली, घर किती शांत वाटतंय. तिला मी काहीतरी लागेल असं बोललो. मग तिने तिसरा दिवसही शांत घालवला.

असो. कागद संपत आला आहे आणि शेळीने एक कोपरा आधीच खाल्ला आहे. भाऊजींना नमस्कार. शेळी लवकरात लवकर घेऊन जा.

तुझा
राखणदार भाऊ

ता. क. रविवारी दर घरामागे एकच हात वर करायचा आहे. एकेचाळीस घरं आहेत. मी घरोघरी जाऊन आलो, वीस इकडे, वीस तिकडे. एकेचाळिसावं घर तुझं. यादीतून तुझं नाव मी काढून टाकलेलं नाही. शेळी न्यायला म्हणून ये, रजा मिळायला सोपं जाईल.

ता. क. दुसरा. गवताचा वाटा जमिनीप्रमाणे नको, घराप्रमाणे करा, असा ठराव मांडायला हवा. मला मांडता येत नाही. चिटणिसाने ठराव मांडू नये असा नियम आहे. तो कुणी लिहिला हे विचारू नकोस. तूच मांड. दुधवाला ओरडेल, ओरडू दे. आणि एवढं करूनही तुला टेकडी उघडावी असंच वाटलं, तर खुशाल तसा हात वर कर. मी चिडेन, वर्षभर चिडेन, पण वहीत नीट लिहीन. तुझं नाव घालून, तू काय म्हणालीस ते शब्दाला शब्द.

ता. क. तिसरा. माझ्या दहा भाऱ्यांतले पाच तुझ्या घरासमोर ओट्यावर रचून ठेवले आहेत. दाराला कुलूप आहे, म्हणून बाहेर. काल शेळी माझ्यामागे टेकडीवर आली नाही. शोधत गेलो तर तुझ्या दाराला पाठ टेकून बसली होती. गवताला तोंड लावलं नव्हतं. तू ये.