कीबोर्ड तिचा, माउस माझा

मी, मधुकर विश्राम पेडणेकर, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेला आरेखक, वय वर्षे सहासष्ट, राहणार आमली, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतः टाइप करून लिहीत आहे. मला कोणी भीड घातलेली नाही, धाक दाखवलेला नाही की काही पाजलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. श्रीकांत गुप्ते हा विषय सोडला तर ठिकाणावर आहे, असे माझी पत्नी उषा हिचे म्हणणे आहे. येत्या सोमवारी वलसाडला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. परत येईनच, पण न आलो तर मागे घोळ नको, म्हणून ही व्यवस्था.

कलम १. आमलीतला फ्लॅट, आतल्या भांड्याकुंड्यांसह, उषाला मिळावा. ती आहे तोवर आमची मुलगी वैशाली हिने विक्रीचा विषय काढू नये. न्हाणीघराच्या छतातून पाणी झिरपते, त्याची दुरुस्ती वरच्या मजल्यावरून व्हायला हवी. वरच्या मजल्यावर श्रीकांत गुप्ते राहतात. मी फक्त नोंद करतो आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवी उषाला आणि तिच्या पश्चात वैशालीला. हे पैसे कुठे गुंतवावेत याबद्दल वरच्या मजल्यावरचा सल्ला घेऊ नये. त्या गृहस्थांना सगळ्यातलेच कळते.

कलम ३. माझी कंपासपेटी, टी-स्क्वेअर आणि शाईची पेने वैशालीला. अथालपासून नरोलीपर्यंतच्या पट्ट्याचे नकाशे मी या पेनांनी काढले. तेव्हा नरोलीत शेते होती, आता कारखाने आणि भाड्याच्या खोल्या आहेत, त्यामुळे नकाशे कालबाह्य झाले. पण रेघेला कोणी नाव ठेवलेले नाही.

कलम ४. आता संगणक. हा वैशालीने शिकत असताना घेतला होता. लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा तिने तो आमच्या गळ्यात घातला. आत एक लढाईचा खेळ होता. एक शिपाई पडक्या शहरातून फिरतो आणि दिसेल त्या शत्रूला टिपतो, एवढीच गोष्ट. टेबलावर दोन वस्तू होत्या आणि घरात आम्ही दोघे. कीबोर्ड डावीकडे होता, तो उषाने घेतला. शिपायाला चालवायचे, पळवायचे, भिंतीआड बसवायचे ते काम तिचे. माउस उजवीकडे, तो माझा. नेम धरायचा आणि गोळी झाडायची ते काम माझे. हा खेळ मुळातच दोघांनी मिळून खेळायचा असतो, अशी आमची पक्की समजूत होती. वैशालीने एकदा आम्हाला असे खेळताना पाहिले, ती हसली आणि काही बोलली नाही. मला वाटले, कौतुकाने हसली.

चार वाजताचा चहा झाला की आम्ही बसायचो. "अगं, थांबव त्याला, दारात उभा राहिलाय मरायला!" मी ओरडायचो. "तुम्ही झाडा की आधी! मी काय शत्रूला चहा विचारू?" उषा म्हणायची. तीस वर्षांच्या संसारात आमचे एवढे बोलणे कधी झाले नव्हते. ती शाळेतून तपासायच्या वह्या घेऊन यायची, मी नकाशे घेऊन. या खेळामुळे आम्ही पहिल्यांदा एका कामाला लागलो. त्या वर्षांत आमच्या शिपायाने अनेक शहरे सोडवली, आणि त्यातल्या प्रत्येकात निम्मा मी होतो, निम्मी ती. हे मृत्युपत्रात लिहायचे कारण पुढे येते.

कलम ५. श्रीकांत गुप्ते हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक असून विधुर आहेत. उषाबरोबर एकाच मराठी शाळेत, एकाच शिक्षककक्षात त्यांनी उभी नोकरी काढली. त्या शिक्षककक्षातल्या विनोदांच्या हकिगती मी रोज जेवताना ऐकल्या आहेत. निवृत्तीनंतर तरी हे प्रकरण संपेल असे वाटले होते, तर त्यांनी आमच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. एकदा गळतीबद्दल बोलायला म्हणून आले आणि आम्हाला खेळताना पाहून दारातच हसायला लागले. "वहिनी, हे एकट्याने खेळायचं असतं! एक हात कीबोर्डवर, एक माउसवर. दोन्ही हात एकाच माणसाचे!"

उषाही हसली. मी हसलो नाही.

त्यानंतर त्यांच्या मुलाने त्यांना नवा संगणक पाठवला. त्या पेटीत निळे-जांभळे दिवे लागतात. गणपतीच्या मखरालाही आम्ही एवढे लावत नाही. उषा दुपारी वर जाऊ लागली. जाताना वाटीत काहीतरी झाकून न्यायची. एकदा सांदणे नेली, तेव्हा माझ्या वाट्याला नुसता फणसाचा वास आला. परत आली की म्हणायची, "आपलं मशीन अडखळतं हो. वरचं कसं सरळ पळतं." माझा जळफळाट झाला, हे मी शुद्धीत असताना मान्य करतो. आजही होतो.

कलम ६. उषा घरी बसावी म्हणून मी संगणक सुधारायला घेतला. काय बदलायचे हा प्रश्न मोठा होता. स्मरणशक्ती वाढवायची, की चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड नवे घ्यायचे, की मूळ प्रोसेसरच काढून टाकायचा? गुप्त्यांनी न विचारता निरोप पाठवला, "आधी पॉवर सप्लाय बदला, जुना आहे." त्यामुळे पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बदलायचा नाही, एवढे पक्के झाले. मी त्यांच्यापेक्षा मोठे कार्ड आणले. आमलीत झुंबर पाटील यांचे संगणकाचे दुकान आहे. मूळचे धुळ्याकडचे. नरोलीच्या कारखान्यात कामाला आले आणि नंतर दुकानात रमले. त्यांनी कार्ड हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. "काका, कार्ड भारी शे, पण तुमना सप्लायले झेपाव नही." मी म्हटले, तुम्ही बसवा.

त्यांनी बसवले. शिपाई मोकळ्या रस्त्यावरून फिरत असला की चित्र इतके सुंदर दिसे की पाहत राहावे. शत्रू समोर आला की संगणक बंद. रोज हेच. लढाईला तोंड फुटले की आमच्या घरात अंधार आणि वरून गुप्त्यांच्या खोलीतून बंदुकीचे आवाज. शेवटी सप्लाय बदलावाच लागला. ही बातमी वर कोणी नेली ते मला माहीत आहे. मग नवे कार्ड तापू लागले म्हणून पंखा आणला, पंख्याला जागा नव्हती म्हणून पेटी आणली, आणि तरी प्रोसेसर मागे पडतच होता. एक ना धड, भाराभर चिंध्या. अखेर प्रोसेसर आणि त्याच्या खालचा बोर्डही बदलला. आता मूळ संगणकातले काय उरले, असे उषाने विचारले, तेव्हा मी कीबोर्ड आणि माउस दाखवले.

खेळ सुरेख चालू लागला. गोळ्या मात्र चुकत राहिल्या. मी माउस बदलला. माउसखालची चटई बदलली. पडदा मोठा घ्यावा म्हणून चौकशी केली. नाचता येईना अंगण वाकडे, असे कोणी म्हणण्याआधी मीच लिहून ठेवतो, की अंगण तोवर अगदी सरळ झाले होते. माझा उजवा हात थरथरतो. त्याचे औषध वेगळे, डॉक्टर वेगळा.

कलम ७. माझ्या पश्चात संगणकाची व्यवस्था अशी. ग्राफिक्स कार्ड काढून विकावे. ते वरच्या मजल्यावर जाता कामा नये. माउस वैशालीने घेऊन जावा. माझ्या खुर्चीवर परपुरुषाने बसू नये. उषाने कीबोर्ड घेऊन वर जायचे ठरवल्यास कीबोर्डही वैशालीचा होईल. पेटीत दिवे बसवू नयेत.

कलम ८. वरील सात कलमे काल उषाने वाचली. मी लपवली नव्हती, पडद्यावरच होती. ती रागावेल असे वाटले होते. तिने खेळ सुरू केला, माझ्या खुर्चीत बसली आणि माउस हातात घेतला. "तिकडे बसा, कीबोर्डकडे. डावा हात चांगला आहे ना तुमचा?"

मी बसलो. शिपायाला चालवायला मला जमेना. दोनदा भिंतीवर आपटला, एकदा पाण्यात गेला. पण मी त्याला चौकात नेऊन उभे केले आणि उषाने तिथले तिन्ही शत्रू टिपले, एकही गोळी वाया न घालवता.

"कुठे शिकलीस?" मी विचारले.

"वर."

"मग खेळ की एकटी. येतंय ना दोन्ही हातांनी?"

"येतं. श्रीकांतसरांपेक्षा चांगलं येतं." तिने माउस खाली ठेवला. "अहो, तुमच्या हाताचं तुम्ही सोडून सगळ्यांना कळलं होतं. तुमची बाजू शिकायला गेले मी, म्हणजे तुम्हाला माझ्या बाजूला बसता येईल. एकटीने खेळायचं असतं तर तुम्हाला कशाला बसवलं असतं शेजारी?"

मी एवढेच विचारले, की गुप्त्यांनी हात धरून शिकवले का. "तोंडाने शिकवलं. आणि फार बडबडतात ते." हे ऐकून मला बरे वाटले.

कलम ९. मग मी तिला विचारले, माझ्यामागे डावीकडे कोण बसेल? "कोणी नाही," ती म्हणाली. "खेळेन एकटी."

सात कलमे लिहून मी हेच तर मागत होतो. तरी मला ते सोसले नाही. खोलीत ती एकटी, दोन्ही हात गुंतलेले, शिपाई दारात उभा, आणि "थांबव त्याला" म्हणून ओरडणारे कोणी नाही. गुप्ते शेजारी बसलेत, यापेक्षा हे चित्र वाईट आहे. हे मी आनंदाने म्हणत नाही.

म्हणून कलम ७ रद्द समजावे. ते खोडून टाकायला उषाने मनाई केली आहे. तिला ते ठेवायचे आहे म्हणे. संगणक, झालेल्या सर्व सुधारणांसह, तिचा. कीबोर्डसमोरची डावी खुर्ची श्रीकांत गुप्ते यांना द्यावी, अट अशी की उषाने हाक मारल्यावरच त्यांनी खाली यावे, एकच हात वापरावा आणि खेळताना सल्ला देऊ नये. ओरडायला हरकत नाही.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वैशालीने करावी. साक्षीदारांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला राहू नये, असे वकिलांनी सांगितले होते. म्हणूनच मी गेल्या आठवड्यात गुप्त्यांना साक्षीदार व्हायची विनंती केली होती, म्हणजे त्यांना काही मिळण्याची वाटच बंद. ते आज इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःचे पेन घेऊन आले. आता कलम ९ मुळे त्यांची सही घेता येत नाही. तुमची गरज नाही, एवढेच मी त्यांना सांगितले आहे. त्यांचा चेहरा पडला. मी हयात असेपर्यंत कोणी त्यांना कारण सांगू नये.

ठिकाण: आमली, सिल्वासा
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

मधुकर विश्राम पेडणेकर
(सही वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे.)

आमच्या समोर सही केली:
साक्षीदार १: झुंबर पाटील, दुकानदार, आमली
साक्षीदार २: श्रीकांत गुप्ते हे आधीच छापलेले नाव खोडून त्या जागी मी, सरिता वळवी, शेजारी, हे हाताने लिहीत आहे. खोडल्याबद्दल मधुकर पेडणेकर यांची वेगळी सही घेतली आहे. गुप्तेसर बाहेर बसून आहेत, उषाताईंनी त्यांना चहा दिला आहे.