मांदेलीला घराबाहेर काढणाऱ्यास काही नाही

मी, श्रीमती गंगुबाई भागोजी नागवेकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी सुकी मासळी विकणे, हल्ली मांजर सांभाळणे, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला राग आहे. रागावलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येते, असे वकिलांनी सांगितले आहे.

१. माझे राहते घर माझ्या कमाईचे आहे. यजमानांचा बर्फाच्या कारखान्यातला पगार घरापर्यंत क्वचितच पोचायचा. मी सुकट, बोंबील, सोडे विकून जागा घेतली आणि भिंतींना चिरा आणला. त्यामुळे माझा मुलगा हर्षद याचा या घरावर जन्माने कोणताही हक्क नाही. हक्क आहे असे तो सांगत फिरतो, ते खोटे आहे.

२. मांदेली ही माझी मांजरी. लिलावाच्या धक्क्यावरची उनाड, रंगाने मांदेली मासळीसारखी पिवळी. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, धक्क्यावर खायला काही राहिले नाही, तेव्हा ती माझ्या पडवीत आली. घरात घेतली तर भाताच्या कणगीमागे जाऊन बसली. मिक्सर लावला की कौलांखालच्या वाशावर. दुधाला तोंड लावीना. घमेल्यात समुद्राची रेती भरून ठेवली, तर ते सोडून बाईंनी माझ्या सुकटीच्या टोपलीत उरकले. शेवटी मी हाका मारणे सोडले. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर लसूण सोलत बसायची. एके दुपारी ती माझ्या पदरावर येऊन झोपली आणि मी त्या दिवशी जेवायला उठले नाही.

३. पुढे माझ्या कमरेचे हाड मोडले व मी इस्पितळात पडले. हर्षद आणि सूनबाई श्रद्धा विरारहून आली. श्रद्धाला मांजराचे केस चालत नाहीत. आमच्याकडे समजूत आहे की मांजर पाण्यापलीकडे सोडले की घरची वाट विसरते. हर्षदने तिला माझ्याच सुकटीच्या गोणीत घातले आणि भाट्याच्या खाडीपार नेऊन सोडले. मला म्हणाला, "आई, दार उघडं राहिलं, पळाली." मी घरी आल्यावर रोज दारात बांगड्याचे डोके ठेवून वाट बघत बसायची. तो ते बघत होता आणि गप्प होता. हे मला विसरता येत नाही आणि मी विसरायचा प्रयत्नही करणार नाही.

खरे काय ते रिक्षावाल्या केरूने सांगितले. "काकी, तुमच्या हर्षदान गोण माझ्याच रिक्षेत घातलान. सुकी मासळी हाय म्हणालान. सुकी मासळी वरडते कशी, ता मी तवाच इचारनार व्हतो."

शेजारच्या लवूची मुलगी सानिका दवाखान्यात परिचारिका आहे. ड्युटी सुटली की ती खाडीपार जाऊन सुरूच्या बनात हाका मारायची. मांदेली तिलाच सापडली. कान फाटलेला, बरगड्या वर आलेल्या. मग सगळे पहिल्यापासून: कणगी, वासा, घमेले. पुरुषाचा आवाज आला की ती अजून कणगीमागे जाते.

४. मांजराच्या नावे घर करता येत नाही, असे वकील म्हणतात. मी त्यांना पुन्हा विचारून पाहिले. म्हणून हे घर मी कु. सानिका लवू पावसकर हिला देते. मांदेली जिवंत असेपर्यंत तिने ते विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि कणगी जागची हलवू नये. लग्न केल्यास नवऱ्याने सुरुवातीला घरात हळू बोलावे.

५. माझ्या पाटल्या श्रद्धाला देईन, असे मी तिच्या लग्नात बोलले होते. ते मागे घेते. पाटल्या मोडून मांदेलीची मासळी आणावी. बांगडा पुरे. पापलेट देऊन सवय बिघडवू नये.

६. हर्षदला ती गोण द्यावी. मी ती स्वच्छ धुऊन घडी करून ठेवली आहे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाऊ रघू शिवलकर याने करावी. तो मवाळ आहे, म्हणून पुढचे कलम त्याने दोनदा वाचावे.

८. अग्नी हर्षदनेच द्यावा. तेवढे मी त्याच्याकडून काढून घेत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर घरचा माणूस पुढे होऊन मयताची राहिलेली इच्छा पुरी करीन, असे बोलतो. हर्षदने मांदेलीला सांभाळीन असे बोलू नये. ती सोय झालेली आहे. त्याने खाडीपार काय सोडले आणि अंथरुणावरच्या आईला काय सांगितले, ते भावकीसमोर मोठ्याने बोलावे. रघूने दया येऊन दर्भाचा कावळा करू नये. हर्षद बोलत नसेल तर त्याला उन्हात उभा राहू द्यावा. मला त्या दिवशी कसलीही घाई नसेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्दही सौम्य करायचा नाही, असे सांगून मी खालील साक्षीदारांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

सही: गंगुबाई भागोजी नागवेकर

साक्षीदार:
१. केरू धोंडू भाटकर, रिक्षाचालक
२. दीपक अनंत विलणकर, किराणा दुकानदार

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५