लाटण्याचा टेलिफोन

मुलुंड, सोमवार, १२ सप्टेंबर १९८३

जिंकली माझी सून! साकीनाक्याच्या एका कारखान्यात नंदाला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली, आणि आज तिचा पहिला दिवस.

माझ्या मुलाची, विजूची कंपनी बंद पडली, घरात पगार येईना, तेव्हा आम्ही म्हातारी माणसं नुसती हळहळत होतो. हळहळून चूल पेटते का? मग मला माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी आठवलं. रोज पोळ्या करता करता लाटणंच टेलिफोन म्हणून नंदाच्या कानाला लावायचे.

"बोल, गुड मॉर्निंग!"

"आई, कानात पीठ गेलं!"

"जाऊ दे. फोनवर पीठ दिसत नाही."

काल वन्सं आल्या होत्या. "सून ऑफिसात, आणि तू या वयात पोळ्या लाटणार?"

"लाटणार, वन्सं. लाटणं आता मोकळंच आहे."

कुठून आलं हे धाडस माझ्यात?

दुपारी शेजारच्या जोशीबाईंनी हाक मारली, "तुमचा फोन!" लाटण्यासकट धावले.

"गुड आफ्टरनून. मे आय स्पीक टू माय मदर-इन-लॉ?"

काय तो ठसका! आणि मी, शाळेत इंग्रजी भाषणाचं बक्षीस मिळवलेली, एवढंच बोलू शकले, "जेवलीस का गं?"