मोटारसायकलस्वारास प्रथमोपचार वर्गात बसू देणेबाबत

प्रति,
मा. मुख्य शिक्षक,
प्रथमोपचार वर्ग, कोल्हापूर.

विषय: वयाची अट शिथिल करून छाती दाबण्याचे व तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण मिळणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराची तोंडी विनंती व त्यावर आपल्या कचेरीत उमटलेले हसू.

महोदय,

अर्जदार बादशहा हुसेन नदाफ, वय साठीच्या पलीकडे, धंदा गाद्या भरणे, सविनय कळवितो की तो राजदूत मोटारसायकलीवरून बाजारोबाजारी गाद्या विकतो. मागे त्याचा मित्र जोतीराम गाद्यांची वळकटी पोटाशी धरून बसत असे. अर्जदारास वाढवून बोलण्याची खोड आहे. पंचगंगेच्या पुरात ही गाडी कुरुंदवाडला पोहत पलीकडे गेली व सायलेन्सरातून मासे निघाले, हे त्याने साऱ्या जिल्ह्यास सांगितले आहे. कोणी शंका घेतली की जोतीराम म्हणे, "व्हय की, कालवण म्याच खाल्लं." असा साक्षीदार सरकारी खटल्यासही मिळत नाही.

गेल्या मार्गशीर्षात गारगोटीचा बाजार करून परतताना जोतीरामाने गाडी थांबवण्यास सांगितले. त्यास दरदरून घाम सुटला होता. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळापाशी तो उतरला आणि बसल्या जागी कलंडला. गुऱ्हाळाची माणसे धावली. फेफरे समजून एकाने पायातली चप्पल काढून नाकाशी धरली, दुसऱ्याने तोंडात पाणी ओतले. अर्जदाराने आपल्या धंद्यास शोभेल ते केले. नवी कोरी गादी रस्त्यात पसरून जोतीरामास तीवर निजविले, मानेखाली सर्वांत जाड उशी दिली, आणि गलका करू नका, निजू द्या त्याला, म्हणून माणसांना दटावले. सबब सगळे गप्प उभे राहिले. जोतीरामाचा श्वास केव्हा थांबला हे कोणासही कळले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावले की उशी काढून, कडक भुईवर उताणे निजवून, छाती दाबत श्वास द्यावयास हवा होता. वाचलाच असता असे ते म्हणाले नाहीत. वाचला नसता असेही म्हणाले नाहीत.

ही हकीकत सांगून अर्जदाराने वर्गात बसण्याची परवानगी मागितली, तेव्हा आपले कारकून श्री. सयाजी यांनी प्रथम वयाची अट दाखविली. नंतर हसून विचारले, "म्हातारबा, ह्ये बी रचल्यालंच न्हवं?" त्यांचा दोष नाही. अर्जदाराचे कोणतेही बोलणे आजवर कोणी हमीशिवाय खरे मानलेले नाही, आणि या खेपेस हमी देणारा माणूस हयात नाही.

जोतीरामाची बायको झुंबरबाई हिला साखरेचा विकार असून कोल्हापूरच्या दवाखान्यात वरचेवर यावे लागते. एसटी नेमाने येत नाही. ती म्हणाली, "भावजी, त्यांच्या जागंवर मला बसवा की." अर्जदाराने नाही म्हटले. ती रागावली नाही. पदर सावरून चालत फाट्याकडे गेली, आणि अर्जदार रिकामी गाडी घेऊन तिच्या मागून, पहिल्या गिअरात, फाट्यापर्यंत गेला. लोक हसले. परंतु हे काम शिकल्याशिवाय मागे जिवंत माणूस बसवावयाचा नाही, असे अर्जदाराने मनाशी ठरविले आहे.

सबब सोमवारी सुरू होणाऱ्या वर्गात अर्जदारास बसू द्यावे. बाक नको, भुई चालेल. वय झाले असले तरी कापूस पिंजून मनगटे घट्ट आहेत. दरम्यान अर्जदाराने कापूस भरून एक माणूस शिवला आहे व ऐकीव माहितीवर रोज त्याची छाती दाबीत आहे. किती जोराने दाबावे हे अंदाजाने जमते. थांबावे केव्हा, हे मात्र समजत नाही. काल झुंबरबाईने येऊन दोन्ही हात धरले, तेव्हा थांबला. निदान तेवढे तरी शिकवावे, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बादशहा हुसेन नदाफ
दि. ७ फेब्रुवारी १९७९