इरा घरी आली, तर तुझं काय गेलं?

पिंपळगाव राजा,
गुरुवार

प्रिय सुचिता,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय. त्यावरून राग गेला असं समजू नकोस. राग आहे, चांगला सणसणीत आहे, आणि पत्र संपेपर्यंत तो राहणार आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. व्हिडिओत तर तू एकटीच बोलतेस आणि लाखभर माणसं ऐकतात. आता जरा तू ऐक. 'ध्रुवयान तीन: शेवटाचा सत्यानाश' हा जो व्हिडिओ तू टाकलास ना, त्याच्यामुळे माझे बाबा घर सोडून चाललेत. मस्करी करत नाहीये. सोमवारी हिवरा आश्रमाला जायचं, तिथंच राहायचं, जमेल ती सेवा करायची, आणि मी पुण्याला परत जाऊन नोकरी धरायची, असं त्यांनी ठरवून टाकलंय. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा हात अजून धड खांद्यापर्यंत जात नाही त्या माणसाचा, सुचे. सदऱ्याची बटणं मी लावून देते. आश्रमातली माणसं भली आहेत, सांभाळतील, ते मला माहीत आहे. पण का सांभाळावं त्यांनी? मी मेले का?

आधी चित्रपटाचंच बोलते, कारण भांडण तिथूनच लागलं. पहिला भाग आपण खामगावला पाहिला तेव्हा कॉलेजात होतो. इरा त्या धुळीच्या ग्रहावरून, खडकाखाली राहणाऱ्या माणसांतून, एका भंगार यानात बसून पळाली, तेव्हा तू खुर्चीवर उभी राहून शिट्टी मारली होतीस आणि मागच्या बाईनं तुझी वेणी ओढून तुला खाली बसवलं होतं. दुसरा भाग पुण्यात पाहिला. त्यात इरा साऱ्या आकाशगंगेत नावाजलेली कॅप्टन होते. आता तिसऱ्यात सगळी यानं तिच्या हाताखाली द्यायला मोठी मोठी माणसं तयार असतात, आणि ही बाई नको म्हणते. परत त्याच धुळीत येते, यानाचं इंजिन काढून गावच्या विहिरीवर बसवते, पाणी वर येतं आणि चित्रपट संपतो. ना लढाई, ना स्फोट. लोक चिडणारच. चिडू देत ना. मला त्याचं काही वाटत नाही.

इथंही दोन तट पडलेत. तुला वाटत असेल, असल्या गोष्टींवर पुण्यातच वाद होतात. मोबाईलच्या दुकानातला गोकुळ जो भेटेल त्याला धरून सांगतो, मोटरपंप पाह्याले खामगावले जा लागते काय बे? तो तं माह्या वावरातच हाये! त्याची बायको मात्र शेवटी हमसून हमसून रडली, आणि हा मोटरपंप म्हणाला म्हणून तिनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. शाळेतल्या गुरुजींचं म्हणणं, ते इंजिन विहिरीवर बसूच शकत नाही, शास्त्र चुकलंय. आणि आमची झुंबरआत्या, जिनं तिन्हींपैकी एकही भाग पाहिला नाही, तिचं मत सगळ्यात पक्कं. म्हणे, आपल्या घरी आली पोट्टी, तं लोकाईच्या पोटात काऊन दुखते? मी हसले तेव्हा. तुझा व्हिडिओ माझ्यापर्यंत यायचा होता ना अजून.

तुला आठवतं, तिसरा भाग आला की दोघींनी बरोबरच पाहायचा, आणि कुणी शेवट सांगायला लागलं तर कानात बोटं घालायची, असं ठरलं होतं. मी थांबले होते तुझ्यासाठी. आणि तू पहिल्याच सकाळी एकटी जाऊन आलीस आणि दुपारी शेवट साऱ्या महाराष्ट्राला सांगून मोकळी! तुझी खोडच ती. भुलाबाईची गाणी झाली की झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची असायची. शेंगदाणे म्हणा, चिवडा म्हणा, सगळ्याजणी हरल्या म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. तू मागच्या दारानं स्वयंपाकघरात घुसून बघून यायचीस आणि पहिल्याच फेरीत ओरडायचीस. झुंबरआत्यानं एकदा तुला दुसऱ्या दिवशी गाण्याला येऊ दिलं नव्हतं. तू पारावर बसून भोकाड पसरलंस, आणि मीच माझ्या वाटचे दोन लाडू ओढणीत लपवून आणून दिले तुला. मूर्ख होते मी. तेव्हाच तुझा कान पिळायला हवा होता.

शेवट सांगितलास, तेही सोडलं असतं. पण त्या व्हिडिओत तू आपल्या बोलीची जी नक्कल केलीस ना, की गावाकडच्या बाया थिएटरात कशा रडत होत्या, 'आली वं माय घरी, आली!', आणि मग खो खो हसलीस, ते मला झोंबलं. ज्या बोलीत तू आयुष्यातली पहिली शिवी शिकलीस, तिच्यावर हसायला लाज नाही वाटली? तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं तुला उभी चिरली असती. आणि खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकलीत, भराभर. पुण्यातल्या लोकांना काय, त्यांना आपण तोंड उघडलं तरी हसू येतं. तुला काय झालं होतं?

बरं, हेही गिळलं असतं. पण मग तू कॅमेऱ्याजवळ सरकलीस, आवाज खाली आणलास आणि माझ्याबद्दल बोललीस. नाव घेतलं नाहीस म्हणजे फार उपकार केलेस असं समजतेस का? 'माझी एक जिवलग मैत्रीण आहे, माझ्याहून हुशार. पुण्यात मस्त नोकरी होती. वडिलांचं आजारपण गळ्यात पडलं आणि संपलं सगळं. आज ती गावात डाळ भरडते. इरालाही तसंच खड्ड्यात घालायचं आणि त्याला त्याग म्हणायचं, ही फसवणूक आहे.' पाठ झालंय मला. पिंपळगावात डाळ भरडणारी, पुण्याहून आलेली, बाप आजारी असलेली अशा किती पोरी आहेत गं? गोकुळला तर आपल्या गावची पोरगी एवढी मोठी झाली याचं कौतुक. त्यानं दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावला तुझा व्हिडिओ, आवाज चढवून. समोरच्या बाकावर बाबा बसले होते, रिचार्ज मारायला गेलेले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. गोकुळला कळलं तेव्हा त्यानं घाईघाईनं बंद केला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. 'गळ्यात पडलं.' माझ्या बापाला तू माझ्या गळ्यातलं लोढणं केलंस, सुचे, चारचौघांत.

ते घरी आले, जेवले नाहीत. मला कारण कळेना. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मले तो शिनेमा दाखव. आयुष्यात कधी स्वतःहून चित्रपट बघायला न गेलेला माणूस. मला वाटलं, चला, बरं वाटतंय. काळीपिवळी जीपमध्ये पुढची जागा मिळाली, खामगावला गेलो, त्यांना चहा-पोहे खाऊ घातले. इरा यानातून उतरली, समोर तिला वाढवणारा म्हातारा उभा, आणि एकदम बाबा उभे राहिले. भर थिएटरात, पडद्याकडे बघून ओरडले, जा वं माय! परत जा! बुढ्यासाठी नोको थांबू! पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी म्हणालं, बाबाजी, खाली बसा, दिसून नाई राह्यलं. मी सदरा धरून बसवलं तर त्यांनी दुपट्ट्यात तोंड खुपसलं. ते अंग हलवत रडत होते आणि पुढच्या रांगेतले लोक हसत होते. मग घरी येताना, काळीपिवळीत, त्यांनी मला व्हिडिओचं सांगितलं. रागावले नव्हते. तुझ्यावर तर नाहीच. म्हणे, खरं बोलली पोट्टी, कोनीतरी बोललं पाह्यजे होतं.

आणि गंमत बघ, त्या चित्रपटातला म्हातारा चांगला धडधाकट आहे! तो इराला थांब म्हणतच नाही. उलट विचारतो, काऊन आलीस? तिथं हिंदीत विचारतो, पण अर्थ तोच. ती म्हणते, मला इथं आवडतं. एवढंच उत्तर आहे तिचं. लाखो लोकांनी ते वाक्य ऐकलं आणि एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. ज्यांना चित्रपट आवडला त्यांना वाटलं, काय तो त्याग! ज्यांना नाही आवडला त्यांना वाटलं, काय ती हार! अरे, बाई स्वतः सांगतेय ना? तिला विचारा की. ती खोटं बोलत असेल असंच का वाटतं सगळ्यांना? एखादा पुरुष नोकरी सोडून गावी आला, शेततळं खोदलं, तर त्याच्या मुलाखती घेता तुम्ही. तूच घेतलीस मागच्या वर्षी, दुसरबीडच्या कुणाची तरी. त्याच्या बापाला झटका आला होता का, हे विचारलंस त्याला?

मी सांगून ठेवते. शेडमध्ये डाळीचं यंत्र सकाळी सुरू झालं की त्या धडधडीत मला बरं वाटतं. तूर भरडताना जो वास सुटतो तो मला आवडतो. गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालतं, मी घालते, दुपारी बाबा पाण्याचा तांब्या घेऊन हळूहळू येतात आणि उगाच चाळणीत हात घालून डाळ बघतात. इथं सगळं गोड आहे असं नाही. वीज जाते, यंत्राचा पट्टा तुटतो, आणि झुंबरआत्या आठवड्याला एक स्थळ आणते, त्यातलं एक तर माझ्या खांद्याएवढं होतं. पण पुण्यात कॉल सेंटरमध्ये दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांच्या शिव्या खाताना माझं जे होत होतं, ते इथं होत नाही. तू माझा डबा बाहेरून वाजवलास आणि चूक ओळखलंस. या खेपेला आत डोकावायचीही तसदी घेतली नाहीस.

आणि खरं तर तुला डोकावायचीही गरज नव्हती. तुला माहीत होतं. यामुळेच तर माझं डोकं फिरलंय. दुसरा भाग पाहून आलो त्या संध्याकाळी पुण्यातल्या आपल्या दोघींच्या खोलीत, तुझ्याच लॅपटॉपवरून मी राजीनामा पाठवला. तूच म्हणालीस, 'सविनय' काढ, त्यांना कशाला विनय? मग पाठवून झाल्यावर भडकलीस. गावाले जाऊन काय करशील, सहा महिन्यांत बोंबलत येशील, म्हणालीस. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं, की मला तिथं राहायचंय. बाबांना झटका आला तो त्यानंतर, नोटिशीचा महिना सरत आला तेव्हा. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या, म्हणाले, बापासाठी सारं सोडून आली. लोकांचं सोड, पण तू? तुला मी आले याचा राग नाहीये, सुचे. मी तुला त्या खोलीत एकटीला ठेवून आले याचा आहे. तो माझ्यावर काढायचास, तोंडावर. मी ऐकून घेतलं असतं, उलट चार बोललेही असते, आणि मिटलं असतं. इरानं काय घोडं मारलं होतं? बाबांनी काय मारलं होतं?

मी बाबांना खरं सांगितलं नाही असं वाटत असेल तर तसंही नाही. दवाखान्यातून आणलं त्या आठवड्यापासून सांगतेय. कालही सांगितलं. ते माझ्या डोक्यावरून उजवा हात फिरवतात आणि म्हणतात, हाव बाई, हाव, तू असंच सांगशील. माझं ऐकत नाहीत, आत्याचं ऐकत नाहीत. कंपनीचा जुना मेल दाखवला, तर म्हणे, इंग्रजी मले काय समजते. तुझं मात्र त्यांना खरं वाटतं. लहानपणापासून वाटतं, सुचिता तोंडावर बोलते म्हणून. म्हणून हे पत्र. व्हिडिओ काढून टाक, नको टाकूस, माफी माग, नको मागूस, मला त्यातलं काही नको. फक्त रविवारी गाडीत बस आणि इथं ये. त्यांच्यासमोर खाली बस, तुझ्या त्या लाखभर लोकांना सांगतेस तसं डोळ्यात बघून, आपल्या बोलीत सांग, शेषरावकाका, काजलनं नोकरी सोडली तवा तुमी ठणठणीत होते, मी तिथंच होती.

तुझीच (रविवारपर्यंत तरी),
काजल