सुरूच्या वर गेलेला चेंडू

१५ डिसें., सोम.
सातची फेरी. खाडीवर इतकं धुकं की दिघी सुटली आणि आगरदांडा आलंच नाही, मध्येच कुठेतरी तरंगत राहिलो. काशीदादा दोरी गुंडाळून माझ्या बाकाशी आले. फेरीवर दोरी टाकणं, गाड्या नीट लावणं हे त्यांचं काम. शनिवारी कॉलेजची फुटबॉल मॅच असते तेव्हा ते बोटीवर, मी शाळा सुटून मैदानावर. संध्याकाळच्या फेरीला गाड्यांची गर्दी, म्हणून सगळं सोमवारी सकाळी सांगायचं. गेल्या वर्षापासूनचा रिवाज.
"काय झालं बाई?"
"तीन-शून्य."
"पेनल्टी?"
"बारवरून."
"ती बगितली मी. सुरूच्या वर चेंडू आला, म्हटलं आपल्याच मानसाचा. एवढ्या उंच दुसरं कोन मारतो?"
खूप हसलो. बोटीवरून मैदान दिसत नाही, सुरूची झाडं आड येतात. उंच गेला तरच चेंडू दिसतो.

१७ डिसें., बुध.
आज डिफेन्सवर चर्चा. चा.नं. (चार नंबर, स्टॉपर म्हणजे मधला बॅक, पेनल्टीही तोच मारतो) पुढे धावतो आणि मागे वळायचं विसरतो. दादांनी दोरीची वेटोळी डेकवर मांडून दाखवलं, बॅक कुठे हवेत, तो कुठे हवा. एका मोटारसायकलवाल्याने वेटोळ्यावर चाक घातलं. "गोल झाला," दादा म्हणाले.
मग अचानक, "दमलेला दिसत व्हता का तो?"
कोण? चा.नं. आठवून सांगितलं, नाही, दमलेला नाही. जरा हरवल्यासारखा.

२० डिसें., शनि.
१-२. पेनल्टी खांबाला. कठड्यावर आम्ही नेहमीचे सात-आठ जण. नलावडे, रिटायर एस.टी. ड्रायव्हर, उभे राहून ओरडत होते, "काढा त्याला! काढा!" मीही ओरडले. शाळेत मुलांवरसुद्धा एवढा आवाज चढवत नाही मी. पण ऊन उतरलेलं, खाडी पितळेसारखी, भान राहिलं नाही.

२२ डिसें., सोम.
दादांना म्हटलं, "चा.नं.ला आता बाहेर बसवायलाच हवं. त्याला खेळ जमत नाही, नाद आहे नुसता."
ते म्हणाले, "व्हय. बसवायलाच पायजे."
आणि दोरीकडे गेले. जेट्टी यायला अजून बराच वेळ होता.

२७ डिसें., शनि.
दुसरा हाफ. चा.नं. आणि समोरच्या टीमचा फॉरवर्ड एकमेकांवर आदळले. फॉरवर्ड उठला. चा.नं. नाही. आम्ही सगळे कठड्यावरून उतरून जवळ गेलो. पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढरा. कोणीतरी विचारलं, घरचं कोण आहे? कॅप्टन म्हणाला, "इथे आत्याकडे राहतो. वडील फेरीवर असतात."
मला अजूनही कळलं नव्हतं.
कॅप्टन जेट्टीकडे धावला. फेरी लागतच होती. सुरूच्या आडून दादा येताना दिसले. पायात चप्पल नाही, खांद्यावर दोरीचं वेटोळं तसंच. माझ्या शेजारून गेले, माझ्याकडे बघितलंही नाही. "निल्या," एवढंच म्हणाले.

२८ डिसें., रवि.
दिवसभर काही सुचलं नाही. भात करपला. दीड वर्ष मी त्या माणसाला काय काय ऐकवलं ते आठवत बसले. बारवरून. खांब. नाद नुसता. त्यांच्याच पोराबद्दल, त्यांच्या तोंडावर. आणि ते "व्हय" म्हणत राहिले.

२९ डिसें., सोम.
सातची चुकवावी असं मनात होतं. गेले. नेहमीच्या बाकावर न बसता कोपऱ्यात उभी राहिले. दादाच आले.
"हाड न्हाय मोडलं. मुरगळलाय. पंधरा दिस."
मी माफी मागायला लागले, त्यांनी हात हलवला.
"बाई, तुमी खोटं काय बोललाव? तो मागं बगत न्हाय ते मला लहानपनापासून म्हाईत हाय."
मग पाण्याकडे बघत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. निलेशला याच फेरीवर चिकटवायचं ठरवलं होतं. तो म्हणाला कॉलेज करणार, खेळणार. दादांनी हात उचलला. त्या दिवसापासून पोरगा आत्याकडे. दीड वर्ष बोलणं नाही.
"मग मला सांगितलं का नाहीत?"
"सांगितलं असतं तर तुमी चांगलंच बोलला असताव. मंग मला तो दिसला नसता."
शेवटी मी विचारलं,
"इस्पितळात बोलला का?"
"बोलला. 'बोट कोणाकडं सोडलीस?' म्हनाला."
हे सांगताना ते हसत होते की काय, धुक्यात नीट दिसलं नाही.

३ जाने., शनि.
चा.नं.शिवाय मॅच. ०-५. मागे नुसतं मोकळं रान. पेनल्टी मिळालीच नाही, चुकवायला तरी. शेवटी नलावडे म्हणाले, "चार नंबर बरा होता."

५ जाने., सोम.
नलावड्यांचं वाक्य दादांना सांगितलं. तीनदा सांगायला लावलं.
मग मी म्हटलं, "तुम्ही स्वतःच या ना एकदा. सुट्टी घ्या."
"मला बगून बिचकला तर?"
"तसाही कुठे नीट खेळतो?"
मोठ्याने हसले. पुढे बसलेल्या गाडीवाल्यांनी वळून बघितलं.

१७ जाने., शनि.
दादा आले. इस्त्रीचा शर्ट. कठड्यावर माझ्या आणि नलावड्यांच्या मध्ये बसले, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. कोण आहेत ते मी नलावड्यांना आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे तेही सभ्य.
निलेश थोडा लंगडतो. पण पहिला हाफ काय खेळला! तीन वेळा गोलच्या तोंडातून चेंडू काढला. वारा पडलेला, खाडीवर एकही होडी हलत नव्हती, सगळं चित्रासारखं. १-१. वाटलं, हे असंच राहावं, कोणी शिट्टी वाजवू नये.
शेवटी शेवटी तो पुन्हा पुढे गेला. मागे समोरच्या टीमचा फॉरवर्ड मोकळा सुटलेला. दादा उभे राहिले आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "निल्या, मागं बग, मागं!"
निलेश थांबला. मागे नाही, कठड्याकडे बघितलं. तेवढ्यात गोल.
१-२.
दादा खाली बसले. "मीच घालवली." नलावड्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.
मॅच संपल्यावर दादा निघायच्या घाईत होते, मी त्यांना थांबवून धरलं. निलेश पाणी पीत लंगडत आमच्यापर्यंत आला. बापाकडे न बघता, बाटलीकडे बघत म्हणाला, "मधीच हाक नको मारू."
"बरं," दादा म्हणाले.
तो टीमकडे गेला.
परतीच्या फेरीला दादा आणि मी, दोघेही पॅसेंजर. दोरी दुसऱ्याने सोडली. पाणी गुलाबी, मागे आगरदांडा विरघळत चाललेलं. दादा सारखं एकच विचारत होते, "हाक नको मारू म्हंजे काय बाई? येऊ नको, का ये पन गप बस?"
मला वाटलं ते सांगितलं, या, पण गप्प बसा. त्यांना पटलं नाही. मग मी त्यांच्या बाजूने बोलले, तेव्हा मलाच पटेना. दिघी लागली, गाड्या उतरल्या, तरी आम्ही दोघं तिथेच उभे, त्या चार शब्दांवर वाद घालत.