आबांनी मान हलवली

धाराशिव
७ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला येऊन गेले, पण एक सांगायचं राहिलं. फोनवर तुम्हाला आवाज येतो, शब्द येत नाहीत, म्हणून नेहमीसारखं पत्र. समोर बसून मोठ्यानं सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीला कळलं असतं आणि आई मध्ये पडल्या असत्या.

मी सायकल खाली काढली आहे. रणधीर आजारी पडले तेव्हापासून ती माळ्यावर होती. टायर वाळून तडकले होते, चेन गंजली होती. ते बदलून घेतलं. आता शाळा सुटली की येडशीच्या रस्त्याला लागते. पहिल्या दिवशी एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून मागून आला, पुढं गेला आणि वळून म्हणाला की ताई, चाकात हवा आहे का बघा. हवा भरपूर होती.

२६ जानेवारीला शर्यत आहे. धाराशिवहून येडशी, तिथून बार्शीच्या अंगाला घाट उतरायचा, तोच घाट चढून परत यायचं. लग्नाआधी मी ही शर्यत जिंकलेली आहे. आता जिंकणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण नाव द्यायचं आहे. त्यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबले होते.

एका किडनीवर हे चालेल का, असं डॉक्टरांना आधीच विचारलं. ते म्हणाले, चालेल. पाणी भरपूर प्यायचं, दुखणं थांबवायच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, अधूनमधून तपासणी करायची. तेव्हा काळजी करू नका. तुम्ही हो म्हणालात की नाव देते. तुमच्याशिवाय देणार नाही.

आईंचा गुडघा कसा आहे? शंभूभावजींना सांगा, तुमच्या कानाच्या मशीनचे सेल बदलायचे आहेत.

तुमची माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
निकिता


परंडा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास,
बलभीमचे अनेक आशीर्वाद.

हात सवयीनं आधी 'सौ.' लिहून गेला. खोडलेलं दिसेल. मनाला लावून घेऊ नको.

पत्र मिळालं. इकडं सगळं ठीक. ज्वारी गुडघ्याएवढी आलीय, तूर फुलात आहे. तुझ्या सासूचा गुडघा थंडीमुळं धरतो, पण तोंड चालू आहे, त्यामुळं काळजी नाही. दूधवाल्याचं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुढच्या खेपेला त्याच्याकडून दूध तरी घे म्हणावं. लई दिवसांनी हसली.

शर्यतीचं मात्र मनातून काढ. सायकलवर शाळेत जा, बाजारात जा, कोणी नको म्हणणार नाही. शर्यत नको.

मी रणधीरला किडनी द्यायला निघालो तर साखर निघाली. तुझ्या सासूची जुळली नाही. घरच्या माणसांचं काही कामाला आलं नाही, लग्न करून आलेल्या पोरीचं आलं. वर्ष सव्वा वर्ष ती त्याच्या अंगात राहिली आणि त्याच्याबरोबर गेली. उरलेली आता आमच्या जबाबदारीची आहे. ऊन, दम, घाट, वर त्या रस्त्यावरच्या गाड्या. मला नाही चालायचं.

डॉक्टर काय म्हणतात ते मला सांगू नको. त्याच्या वेळीही डॉक्टर चालेल म्हणत होते.

संक्रांतीला ये. तोवर हुरडा होईल. आमची आठवण असू दे.

तुझा,
आबा


धाराशिव
१ डिसेंबर २०२४

ती. आबांना,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

निवडणुकीच्या ड्यूटीत अडकले होते, म्हणून उशीर.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. लग्नानंतर मी चड्डी घालून सायकल चालवायची, तेव्हा भावकीतल्या बायका बोलायच्या, आणि तुम्ही त्यांना सांगितलं होतं की आमची सून काय विमानानं फिरत नाही. म्हणून हे 'नाही' मला कळत नाही. माझ्या तब्येतीची भीती एवढंच कारण असेल तर मी तपासणीचे कागद पाठवते. दुसरं काही असेल तर तेही सांगा.

मला शर्यत का हवी, ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

डायलिसिस चालू होतं तेव्हा रणधीरना दिवसाला मोजकं पाणी असायचं. ते तांब्याकडे बघायचे नाहीत. मी त्यांच्यासमोर पाणी प्यायची नाही. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून, आवाज न करता प्यायची. मग ऑपरेशन झालं आणि त्यांना हवं तेवढं पाणी मिळालं. मग ती किडनीही गेली, आणि पुन्हा मोजकं पाणी. आता डॉक्टर मला म्हणतात, भरपूर प्या. मी पेला हातात घेते आणि घोट घशाशी थांबतो. अजून पाठमोरी होते, आबा. घरात कोणी नसताना.

सायकलवर तसं होत नाही. चढ असतो, दम लागलेला असतो, बाटली तोंडाला लावते आणि पाणी आत जातं. नुसतं फिरायला गेलं तर होत नाही. जीव खाऊन चालवलं तरच होतं. आणि तसं चालवायला पुढं काहीतरी असावं लागतं. म्हणून शर्यत.

आईंना हे वाचून दाखवू नका.

लोभ ठेवालच, तरी मागते.

आपली,
निकिता


परंडा
१२ डिसेंबर २०२४

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

तू खरं लिहिलंस, म्हणून मलाही लिहिलं पाहिजे.

दहाव्याच्या दिवशी आम्ही सीना नदीच्या काठी गेलो. बायका नसतात तिथं, म्हणून तुला ठाऊक नाही. पिंड ठेवला. समोर बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. शंभू पुढं होऊन म्हणाला की वहिनीला मी बहिणीसारखी सांभाळीन. कावळा आला नाही. माझा थोरला भाऊ म्हणाला, तिचा शेतातला वाटा तिच्या नावावर करू. आला नाही. रानात राबणारी माणसं ती, बराच वेळ उभी राहिली, पण सगळे माझ्याकडं बघायला लागले. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू आणि उरकू.

मला ते नको होतं. मग मी सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं आणि मोठ्यानं म्हणालो की रणधीर, तुझ्यासाठी तिनं शरीर कापून दिलं, आता ते मी जपतो, तिला पुन्हा शर्यतीत उतरू देत नाही. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

लोक माझ्या पाया पडले. शंभू रडला.

निकिता, सोलापूरच्या दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मी त्याच्या उशाशी होतो. तो माझ्याशी काहीतरी बोलला. ओठ हलले, ते मी बघितलं. कानातलं मशीन शिट्टी मारत होतं, मला एक शब्द आला नाही. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली, त्याला बोलायला किती कष्ट पडत होते. पहाटे तो गेला. पोरगा माझ्याशी शेवटचं काय बोलला ते मला ठाऊक नाही. त्याचं बोललेलं मला जे कळलं, ते त्या नदीवरच.

तिथं दिलेला शब्द मी कसा मोडू? मोडला तर त्याचं माझ्याकडं काय राहतं?

तुझं पाण्याचं वाचून मी रानात जाऊन बसलो.

आमच्यावर राग धरू नको.

तुझा,
आबा


धाराशिव
१८ डिसेंबर २०२४

ती. आबांना,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

मी नाव दिलेलं नाही आणि देणार नाही. हे पहिलं लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. तुमच्याजवळ त्यांचं एवढंच असेल तर ते मी काढून घेणार नाही.

पण एक सांगायला हवं. रणधीर तुम्हाला काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. मी पायाशी उभी होते. ते म्हणाले की आबा, परंड्याची शेवटची गाडी निघून जाईल, निघा, आई एकटी आहे. तुम्ही मान हलवलीत, पिशवी उचललीत आणि निघालात. मला वाटलं, तुम्ही ऐकून निघालात. रणधीरनाही तेच वाटलं. तुम्ही दाराबाहेर गेल्यावर ते म्हणाले की बरं झालं, ऐकलं.

तुम्हाला ते ऐकू आलं नव्हतं हे मला तुमच्या पत्रातून कळलं. कळलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं.

दुसरं काही ते बोलले नाहीत. सायकलचं, माझं, काही नाही. गाडीचंच बोलले.

आईंना येळवस अमावस्येच्या भज्जीसाठी चिंच पाठवते आहे. संक्रांतीला येईन.

आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
निकिता


परंडा
४ जानेवारी २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चिंच पोचली. येळवस शेतात केली. आंबील झाली, भज्जी झाली, तुझ्या सासूनं कडब्याची कोप उभारून पानाफुलांनी सजवली. जेवायला माणसं कमी होती.

मी त्या संध्याकाळी उठलो ते दारावरच्या माणसानं वेळ संपल्याची खूण केली म्हणून. मान मी सगळ्यांपुढंच हलवतो. ऐकू येत नसलं की माणूस मान हलवतो, म्हणजे समोरच्याचं समाधान होतं. रणधीरचं तरी झालं.

परवा मी सीनेवर गेलो. एकटाच. पानावर भात घेतला होता. मनाशी ठरवलं होतं की ज्या जागी शब्द दिला त्याच जागी मागं घ्यायचा. त्याला सांगायचं की तू गाडीचं बोललास ते मला पोचलं, आता माझा शब्द मला परत दे. काय बोलायचं ते वाटेत घोकत गेलो.

पान खाली ठेवून मागं सरलो. तोंड उघडलं नव्हतं तोवर कावळे आले. बाभळीवरचे सगळे आले. भात संपवून गेले. बोलायचं राहूनच गेलं.

मग तिथंच बसलो आणि मागचं आठवलं. दहाव्याला आम्ही सगळे पिंडाला खेटून उभे होतो. मी बोलायला म्हणून लोकांना मागं सारलं. माणसं मागं झाली, मग कावळा आला. पोरी, कोणीही मागं सारलं असतं तरी तो आला असता.

तेव्हा शब्दाचं काही उरलं नाही. तू नाव दे. मी हो म्हणतो आहे, आणि हे मान हलवणं नाही.

तुझ्या सासूला मी नदीचं सांगितलेलं नाही. ती अजून रोज सकाळी कावळ्याला घास ठेवते आणि त्याच्याशी बोलते. तिचा कावळा राहू दे.

शर्यत बघायला मी येणार नाही. तू घाट चढताना मला बघवणार नाही. झाल्यावर लगेच लिही.

तुझा,
आबा


धाराशिव
२८ जानेवारी २०२५

ती. आबांना,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप आहे. तपासणी आजच झाली, सगळं ठीक आहे. हे आधी.

मुदत संपली होती, पण जुन्या ओळखीवर नाव घेतलं. धुकं होतं. येडशीपर्यंत मी घोळक्यात टिकले. घाट उतरताना भीती वाटली, पूर्वी वाटायची नाही. परत चढताना घोळका सुटला. माझ्याच वर्गातली आरोही मला मागं टाकून गेली आणि जाताना म्हणाली की सॉरी मॅडम. मला हसायला दम नव्हता. शेवटून तिसरी आले. माझ्या मागं एक पंक्चर झालेली होती आणि एक सोलापूरच्या आजी, त्यांना बक्षीस मिळालं.

पाणी प्यायले. दोन्ही बाटल्या संपल्या. घरी आल्यावर पेला घेतला, तर पुन्हा पाठमोरी झाले. ते एवढ्यात जाणार नाही असं दिसतं.

कावळ्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचलं. तुम्ही माझ्यासाठी काय देऊन टाकलंत ते मला कळतं.

शर्यतीनंतर सगळ्या मुलींना न्यायला कोणी ना कोणी आलेलं होतं. मी चौकात बसून होते, तेव्हा एक लक्षात आलं. रणधीर तुमच्याशी फक्त त्या संध्याकाळी बोलले असं नाही. डायलिसिसच्या खोलीत तुम्ही शेजारी बसायचात आणि ते तासन् तास बोलायचे. त्या यंत्रांच्या आवाजात तुम्हाला काय ऐकू आलं असेल? तुम्ही मान हलवत होतात. मी तिथंच असायची. मला पुष्कळ आठवतं.

तेव्हा पत्रात एकेक लिहीत जाईन. आजचं हे. एकदा त्यांनी तुम्हाला विचारलं होतं की आबा, मी लहान असताना तुम्ही मला सायकल शिकवलीत, तेव्हा पाठीमागून सीट धरली आहे असं सांगून तुम्ही हात कधी सोडलात? तुम्ही मान हलवलीत. ते उत्तराची वाट बघत बसले, आणि मग झोपले.

उत्तर मला लिहून पाठवा.

तुमची माया हवी आहे.

आपली,
निकिता